पिक्चर शनिवारी बघितला, सोमवारी गोष्ट आठवेना

सांगलीची_हळद

शनिवारी सहकुटुंब पिक्चरला गेलो होतो. नाव सांगत नाही, नाहीतर धागा त्या एका पिक्चरवरच घसरेल. एवढंच सांगतो की जग बुडता बुडता वाचतं, आभाळातून निळा झोत जमिनीवर येतो आणि शेवटी पुढच्या भागाची जाहिरात असते. चार तिकिटं, दोन पॉपकॉर्न, दोन थंड पेयं आणि पार्किंग धरून दोन हजार तीनशे रुपये गेले.

सोमवारी ऑफिसात डबा खाताना सहकाऱ्याने विचारलं, "काय गोष्ट आहे?" मी तोंड उघडलं आणि काहीच येईना. नायकाच्या भावाचं काहीतरी होतं. एक दगड होता. तो कुणालातरी हवा होता. बास.

आता दुसरी बाजू. १९९४ साली सांगलीत 'जुरासिक पार्क' हिंदीतून लागला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. काका घेऊन गेले होते. कुठल्या रांगेत बसलो, पुढच्या माणसाची टोपी कसली होती, मध्यंतरात कागदात गुंडाळलेला वडा किती गरम होता, सगळं आठवतं. आणि तो गाडीतला पाण्याचा पेला! डायनासोर अजून दिसलेलाही नाही, नुसतं पाणी थरथरतंय आणि अख्खं थिएटर गप्प. तीस वर्षं होऊन गेली. तो पेला आठवतो, आणि परवाचा सबंध पिक्चर आठवत नाही.

तर प्रश्न असा: हल्लीचे मोठे पिक्चर खरंच कमी मजेचे झालेत, की मीच म्हातारा झालोय? (वय ४२. दुसऱ्या उत्तराची मनाची तयारी आहे.)

अर्धं_तिकीट

म्हातारे झालात. धागा संपला. पुढचा प्रतिसाद.

नाना_गिरगावकर

अजिबात म्हातारे नाही हो. माझं वय ६९, म्हणजे या विषयावर बोलायचा पहिला हक्क माझा.

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला आला. लॅमिंग्टन रोडवर मिनर्व्हाला. पहिल्या आठवड्यात आमच्या चाळीतले दोघं बघून आले आणि म्हणाले, "ठीक आहे, लांबलाय." आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण सुरुवातीला बोलबाला बेताचाच होता. मग हळूहळू तोंडोतोंडी पसरला आणि त्या एका थिएटरात पाच वर्षं चालला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नाणं उडवलं जातं आणि ते पडल्याचा आवाज होतो, तिथे माझ्या शेजारचा गृहस्थ खाली वाकून खुर्चीखाली बघायला लागला. सत्तर एमएम पडदा, स्टिरिओफोनिक आवाज, असलं काही आम्ही आयुष्यात ऐकलं नव्हतं.

पुढे संवादांच्या तबकड्या निघाल्या. गणपतीच्या मांडवात गाण्यांऐवजी संवाद लावायचे. गाण्यांऐवजी! आता मला हल्लीच्या कुठल्याही पाचशे कोटीवाल्या पिक्चरचा असा एक संवाद सांगा, की जो मांडवात लावला तर लोक थांबून ऐकतील.

शंकासुर

नाना, एक दुरुस्ती. 'शोले' सत्तर एमएमवर चित्रित केलेला नव्हता. पस्तीस एमएमच्या फिल्मवर चित्रित करून नंतर मोठा केला होता.

नाना_गिरगावकर

शंकासुरा, पडदा सत्तरचा होता आणि मी त्याच्यासमोर बसलो होतो. तू कुठे होतास?

शंकासुर

जन्माला यायचा होतो. पण मुद्दा बरोबर आहे.

शेंगाचटणी

दोघांना दंडवत. पण नानांच्या मुद्द्यात एक खोट आहे, ती सांगतो.

आपण १९७५ म्हटलं की 'शोले' आणि 'दीवार' आठवतो. त्याच वर्षी 'जय संतोषी माँ' आला होता. त्या बिचाऱ्या पिक्चरकडे पैसे नव्हते, मोठे नट नव्हते, ट्रिकसीन तर आज बघवत नाहीत. पण तोही तुफान चालला. लोक चपला बाहेर काढून आत जायचे. माझी आजी त्यातली एक. तिला विचारलं असतं तर तिने 'शोले'ला हिंग लावूनही विचारलं नसतं.

आणि त्या काळात पडलेले मोठे पिक्चर कुणी मोजतच नाही. 'रझिया सुलतान' (१९८३) वर किती वर्षं आणि किती पैसा गेला! किती लोकांनी तो पुन्हा बघितला? रमेश सिप्पींनीच 'शोले'नंतर 'शान' काढला, त्याहून भपकेदार. त्याला तसं प्रेम मिळालं का? काळ चाळणी लावतो. जुन्यातलं वर राहिलेलं खडे निवडलेलं धान्य आहे, आणि आजचं आपण पोत्यातून थेट खातोय. खडा लागणारच.

अर्धं_तिकीट

चटणीच्या प्रतिसादाला +१. फक्त उपमा धान्याची दिलीत, शेंगांची द्यायला हवी होती. सोलापूरची अस्मिता कुठे गेली?

तर्री_पोहा

तुम्ही सारे उगाच डोकं लावून राहिले ना. आमच्या नागपुरात मे महिन्यात ४६ डिग्री असते. दुपारी बारा ते तीन पिक्चर कोणता आहे हे पाहून कोण जात होतं? बाहेर 'वातानुकूलित' लिहिलेलं असलं का घुसायचं. मी एक पिक्चर असा चार वेळा पाहिला, नाव आजही आठवत नाही, पण मजा मात्र लई आली बे. आता घरोघरी एसी लागले. मजा गेली. कारण सापडलं तुमचं.

ओटीपी_आला_का

वय २१, म्हणून आधीच माफी मागतो.

'शोले' मी मागच्या वर्षी फोनवर बघितला. दोन बैठकांत, कारण पहिल्या बैठकीत झोप लागली. चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण जेलरचा भाग एवढा लांब का आहे? मावशीकडे मागणी घालायला जातात ते मात्र भारी.

आणि नवीन पिक्चरमध्ये मजा नाही हे मान्य नाही. 'आरआरआर' मी थिएटरात तीन वेळा बघितला. प्राण्यांनी भरलेला ट्रक बंगल्यात घुसतो तिथे आमच्या रांगेतले सगळे उभे राहिले होते. अनोळखी माणसाने मला मिठी मारली. ते काय लक्षात राहणार नाही का? तीस वर्षांनी मी पण असाच धागा काढणार आणि पोरं मला म्हातारा म्हणणार.

नाना_गिरगावकर

'शोले' फोनवर??? अरे पोरा, बशीत पोहायला शिकलास आणि वर म्हणतोस समुद्र काही खास नाही.

ओटीपी_आला_का

नाना, थिएटरात लावा ना मग, येतो. तिकीट तुम्ही काढा.

रेंडर_होतंय

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितोच, कारण धागा माझ्या पोटावर आलाय. मी मालाडला एका स्टुडिओत कंपोझिटिंग करतो, म्हणजे वेगवेगळी चित्रं कॉम्प्युटरवर एका चौकटीत जोडायचं काम, अकरा वर्षं झाली. तो आभाळातून येणारा निळा झोत आहे ना, तसले तीन मी स्वतः केलेत.

बाहेरच्या लोकांना वाटतं कॉम्प्युटर आला म्हणून पिक्चर बिघडले. तसं नाही. धागाकर्त्यांनी ज्या पिक्चरचं नाव घेतलं तोच घ्या. 'जुरासिक पार्क' दोन तासांहून मोठा आहे आणि त्यात डायनासोर पडद्यावर सगळे मिळून पंधराएक मिनिटंच दिसतात. त्यातली कॉम्प्युटरवर केलेली मिनिटं सहाच्या आसपास, बाकी खरेखुरे यांत्रिक पुतळे. तो पाण्याचा पेला तर त्याहून साधा: गाडीच्या आतून गिटारची तार ओढून घेतली होती आणि ती छेडली की पाण्यावर वर्तुळं उठायची.

याच दिग्दर्शकाचा 'जॉज', तोही १९७५ चा, 'शोले'च्या दोन महिने आधीचा. त्यातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. दाखवायला शार्कच नाही म्हटल्यावर पाणी दाखवलं, पिंपं दाखवली, संगीत वाजवलं. तासाहून जास्त वेळ मासा धड दिसत नाही. लोक घाबरले ते त्या न दिसण्याला. आज तो शार्क पहिल्या मिनिटाला येईल, उड्या मारेल, आणि शेवटी असे चाळीस येतील. कारण आता बंद पडायला काही उरलंच नाही.

आता आमच्याकडे काय होतं ते सांगतो. शूटिंगच्या वेळी नटामागे हिरवा पडदा असतो. मागे पुढे काय येणार ते बऱ्याचदा ठरलेलंच नसतं. रात्र आहे की संध्याकाळ, तेही पक्कं नसतं. म्हणून उजेड असा सपाट टाकतात की नंतर काहीही चिकटवता यावं. मग आमच्याकडे आल्यावर ठरवाठरवी सुरू. एकदा मी तीन आठवडे एका शॉटमध्ये धुराचा लोट केला. वरून निरोप आला, धूर नको, पाऊस करा. पाऊस केला. प्रदर्शनाला नऊ दिवस असताना निरोप आला, तो सीनच गेला. मी त्या सिनेमाला जाऊन आलो. माझं नाव शेवटी हजारभर नावांत होतं, पॉपकॉर्न संपल्यावर.

नटाच्या तोंडावरचा उजेड आणि मागच्या जगातला उजेड यांची कधी गाठच पडलेली नसते. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण डोळ्याला कळतं. म्हणून इमारत पडली तरी धस्स होत नाही. २०२३ साली मार्व्हल या सुपरहिरोवाल्या अमेरिकन स्टुडिओच्या व्हीएफएक्स (म्हणजे कॉम्प्युटरवरची दृश्यं करणाऱ्या) कामगारांनी युनियन करायच्या बाजूने मतदान केलं, ते उगाच नाही. माणसं दमलीत. दमलेल्या माणसाने केलेली जगबुडी दमलेलीच दिसते.

सांगलीची_हळद

रेंडर, प्रतिसाद दोनदा वाचला. गिटारची तार हे माहीत नव्हतं. त्या पेल्याची जादू कमी होईल असं वाटलं होतं, उलट वाढली.

कात्री

रेंडर यांच्याशी नव्वद टक्के सहमत. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी भांडतो.

मी संकलक आहे, मुख्यतः मालिका आणि जाहिराती, त्यामुळे पापात माझाही वाटा आहे. माझ्या मते कॉम्प्युटरइतकाच दोष कापाकापीचा आहे. डेव्हिड बॉर्डवेल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने हॉलिवूडच्या पिक्चरमधले शॉट मोजले होते. १९३० ते ६० च्या काळात एक शॉट सरासरी आठ ते अकरा सेकंद टिकायचा, शतक संपता संपता तो तीन ते सहा सेकंदांवर आला. डोळा एका जागी बसतोय तोवर चित्र बदलतं. मारामारीत कोण कुणाला मारतंय हे कळत नाही, नुसतं कुणीतरी कुणालातरी मारतंय एवढं कळतं.

पण, आणि हा पण मोठा आहे, 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) बघा. दोन तासांत सुमारे २,७०० कट. म्हणजे अडीच-पावणेतीन सेकंदाला एक. व्हीएफएक्सचे शॉट दोन हजारांच्या घरात. कागदावर पाहिलं तर सगळे आजचे रोग त्यात आहेत. तरी एकदाही गोंधळ होत नाही. कारण दिग्दर्शक जॉर्ज मिलरने ठरवलं होतं की महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मधोमध राहील. कट झाला तरी डोळा तिथेच, शोधाशोध नाही. नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या गाड्या पळवल्या, आणि संकलक मार्गारेट सिक्सेल बाईंनी ४८० तासांच्या चित्रीकरणातून तो विणला. त्यांना ऑस्कर मिळालं. दिग्दर्शकाचं वय तेव्हा सत्तर, नानांनी नोंद घ्यावी.

म्हणजे वेग, कॉम्प्युटर, पैसा यांतलं काहीच मुळात वाईट नाही. आधी ठरवलेलं असलं की झालं.

शंकासुर

"आधी ठरवलेलं असलं की झालं" हे आमच्या सोसायटीच्या पार्किंगलाही लागू आहे.

माजघर

एवढे गळे काढताय जुन्या थिएटरांसाठी, तर एका बाईच्या आठवणी पण ऐका.

मी ज्या गावात वाढले तिथे दोन थिएटरं. (नावं घेत नाही, एक अजून चालू आहे.) बायकांची तिकिटाची रांग वेगळी, ते बरं होतं. पण रांगेतून दारापर्यंत जाईतो जे व्हायचं ते 'धक्काबुक्की' या शब्दात मावत नाही. आम्ही मैत्रिणी केसांत सेफ्टी पिन लावून जायचो, केसांसाठी नाही. मॅटिनीला एकटी मुलगी गेली तर दुसऱ्या दिवशी घरी निरोप पोचलेला. नायिकेवर शिट्ट्या मारणारे मध्यंतरात आमच्याकडे वळून मारायचे. आणि ढेकूण! घरी आल्यावर आई कपडे अंगणातच बदलायला लावायची. बाथरूमबद्दल लिहीत नाही, तुम्ही जेवत असाल.

त्यामुळे मला जुन्या पिक्चरची मजा आठवते ती दूरदर्शनवरची. रविवारी संध्याकाळी, घरी, भाजी निवडत.

आणि आयुष्यात थिएटरात सगळ्यात जास्त मजा कधी आली? जुलै २०२३. 'बाईपण भारी देवा'. आम्ही भिशीच्या अकरा जणी, नऊवारी, नथ, गॉगल. पूर्ण हॉल बायकांचा. मंगळागौरीचे खेळ लागले तेव्हा जिन्याच्या पायऱ्यांवर बायका खेळत होत्या. माझी ७१ वर्षांची जाऊबाई फुगडी घालायला निघाली, तिला धरून बसवलं. तो पिक्चर शंभर वर्षं टिकेल का, मला घेणं नाही.

एडिसनची_मावशी

माजघर, मिठी. आम्ही न्यू जर्सीत तोच पिक्चर असाच बघितला, साड्या नेसून. हॉलमधला अमेरिकन मुलगा तिकीट तपासताना विचारत होता, आज लग्न आहे का कुणाचं? आमच्या ग्रुपमधली म्हणाली, "नाही, आज सुट्टी आहे. लग्नापासून."

अर्धं_तिकीट

😂😂 मावशींचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवा.

नाना_गिरगावकर

माजघरताई, हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर व्हायचं आणि आम्ही पडद्याकडे बघत बसायचो. खोटं कशाला बोलू.

रीळवाला

मी करवीर भागातला. वडील तालुक्याच्या थिएटरात ऑपरेटर, म्हणजे प्रोजेक्टर चालवणारे, ३१ वर्षं. माझं बालपण त्या खोलीत गेलं. सगळ्यांचं बरोबर आहे, पण मूळ भानगड तिकीटखिडकीची आहे, ती कुणी मांडली नाही.

तीन तासांचा पिक्चर म्हणजे सोळा-सतरा रिळं. एक रीळ हजार फूट, अकरा मिनिटं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर गोल ठिपका चमकायचा, तो दिसला की वडील दुसरं मशीन सुरू करायचे. प्रेक्षकाला पत्ता नाही. आमच्याकडे प्रिंट यायची ती पुण्या-मुंबईत सहा-आठ महिने घासून झाल्यावर. ओरखडे, सांधे, पाऊस पडल्यासारख्या रेघा. कधीकधी दोन गावांत मिळून एकच प्रिंट असायची. इकडचं रीळ संपलं की पोरगं सायकलवर टाकून तिकडे. एकदा ते पोरगं वाटेत पंक्चर झालं आणि इकडे लोकांनी खुर्च्या बडवल्या. नाद खुळा.

आता हिशेब बघा. प्रिंट महाग, त्यामुळे मोजक्याच काढायच्या. पिक्चरनं पैसे मिळवायचे तर एकेका थिएटरात आठवडेच्या आठवडे चालायला पाहिजे. पंचवीस आठवडे झाले की ज्युबिली. म्हणजे माणूस दुसऱ्यांदा आला पाहिजे, तिसऱ्यांदा बायकोला घेऊन, चौथ्यांदा गावाकडनं आलेल्या पाव्हण्याला घेऊन. परत परत बघण्यासारखं काहीतरी त्यात घालावंच लागायचं. गाणी, संवाद, तो एखादा बारका नट जो दोन मिनिटं येतो आणि भाव खाऊन जातो.

२००५ च्या पुढं उपग्रहावरनं पिक्चर यायला लागले. प्रिंटचा खर्च गेला. एकाच शुक्रवारी हजारो पडद्यांवर लावता येतो. पैसे शुक्र-शनि-रवी तीन दिवसांत गोळा. सोमवारी लोकांना कळेपर्यंत धंदा झालेला असतो. हळददादा, तुम्हाला सोमवारी गोष्ट आठवली नाही म्हणता. अहो, सोमवारसाठी तो बनवलेलाच नाही.

वडील गेल्या वर्षी गेले. शेवटपर्यंत टीव्हीवर पिक्चर बघताना उजव्या कोपऱ्यात बघत बसायचे.

सांगलीची_हळद

रीळवाले, काय लिहू. नमस्कार.

कात्री

हा प्रतिसाद आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठवतोय. नाव न घेता.

शेंगाचटणी

रीळवाल्यांच्या वडिलांना नमस्कार.

हिशेबाशी सहमत, पण पूर्ण नाही. शुक्रवारी हजारो पडदे मिळूनही पडणारे पिक्चर पडतातच, आणि चालणारा अजूनही तोंडी प्रसिद्धीवरच चालतो. 'सैराट'चं बघा ना, एप्रिल २०१६. सातारा जिल्ह्यात रहिमतपूरला रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले होते. पहाटे तीन! लोक परत परत जात होते, पैसे उधळत होते. त्यात आभाळातून झोत नाही, ऊस आहे, विहीर आहे, करमाळ्याकडचा उजेड आहे. आणि शेवट असा की बाहेर पडताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

रेंडर_होतंय

चटणी, आणि 'तुंबाड'! २०१८ ला आला तेव्हा थिएटरं रिकामी. अनेक पावसाळे थांबून खऱ्या पावसात चित्रित केलेला, सासवडच्या जुन्या वाड्यात. सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. आमच्या ऑफिसातली निम्मी पोरं दोनदा गेली. म्हणजे नवीन पिक्चरही मुरतो, लोणच्यासारखा. फक्त त्याला बरणीत राहू द्यायला कुणाकडे वेळ नाही.

तर्री_पोहा

पण आवाजाचं कोणी काहून बोलत नाही? संवाद ऐकू येत नाही, अन् स्फोट झाला का दाताचं सिमेंट हालते. मी मागच्या महिन्यात कानात कापूस घालून गेलो. बायको म्हणे, कापूस काढा, लोक पाहून राहिले. मी म्हटलं, काय म्हणतेस? ऐकू येत नाही.

शंकासुर

अवांतर: बाहेरचे खाद्यपदार्थ आत न्यायला बंदी घालायचा थिएटरमालकांना अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय. हे मी आमच्या सौ.ना सांगितलं. तरी पर्समध्ये बाकरवडी होतीच.

अर्धं_तिकीट

पुणेकर पकडले गेले. हात वर करा आणि बाकरवडी खाली ठेवा.

सांगलीची_हळद

चार दिवसांनी परत येतोय, कारण मधल्या काळात एक प्रयोग केला. निकाल प्रामाणिकपणे लिहितो, माझ्या बाजूचा नसला तरी.

रविवारी घरी 'जुरासिक पार्क' लावला. लेक अकरा वर्षांची. दिवे बंद, फोन दुसऱ्या खोलीत, माझाही. पहिला पाऊण तास तिचा एकच प्रश्न: "कधी येणार?" तो उंच मानेचा डायनासोर पहिल्यांदा येतो, जिथे काकांनी माझा हात घट्ट धरला होता, तिथे ती म्हणाली, "हा जरा खोटा वाटतोय." माझा चेहरा पडला. पेल्याच्या सीनला मी तिच्याकडे बघत होतो, ती पडद्याकडे. काही बोलली नाही. पुढे स्वयंपाकघरात ती दोन पोरं लपतात तिथे मात्र उशी तोंडावर आणि पाय माझ्या मांडीवर.

संपल्यावर मी मोठ्या ऐटीत विचारलं, "बघ, याला म्हणतात पिक्चर. तो मागच्या शनिवारचा आठवतो का तुला?"

आणि तिने मला तो सगळा सांगितला. पहिल्यापासून. दगड कुणाचा, भावाने तो का लपवला, बहिणीला ते आधीच कसं माहीत होतं, शेवटी नायक हात का सोडतो. मला त्यातलं निम्मं पहिल्यांदाच कळलं. मी म्हटलं, "हे होतं त्यात?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज करत होतात. दोनदा बाहेर पण गेलात."

गेलो होतो. क्लायंटचा फोन होता.

अर्धं_तिकीट

धागाकर्त्याचाच त्रिफळा. स्वतःच्याच गोलंदाजीवर.

नाना_गिरगावकर

मिनर्व्हात माझ्याकडे फोन नव्हता, हे मान्य करतो. असता तर त्या नाण्याचा आवाज ऐकला असता का, सांगता येत नाही.

रेंडर_होतंय

हळद, एवढ्यात हार मानू नका. लेकीला वर्षाने पुन्हा विचारा. दोन्ही पिक्चरबद्दल.

(आणि तो दगडवाला पिक्चर कुठला ते व्यक्तिगत निरोपात कळवा. शेवटचा झोत बहुतेक माझा आहे.)

माजघर

आणि बहिणीला आधीच माहीत होतं हे मुलीने पकडलं आणि बापाने सोडलं, यावर वेगळा धागा निघू शकतो.

ओटीपी_आला_का

नाना, बातमी वाचलीत का? 'शोले'ची डागडुजी केलेली प्रत २०२५ ला इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली. मूळ शेवटासकट. आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावला होता तो, ठाकूर गब्बरला खरंच मारतो तो. आता फोनवर बघणार नाही, शब्द. कुठे थिएटरात लागला तर कळवा. तिकीट तुम्ही काढणार होतात.

नाना_गिरगावकर

काढतो. पण माझ्या अटी: फोन बंद, जेलरच्या सीनला झोपायचं नाही, आणि नाणं पडलं की खाली वाकून बघायचं.

ओटीपी_आला_का

मंजूर. वडा?

सांगलीची_हळद

वडा माझ्याकडून. माझ्या लेकीलाही आणतो, तुम्हाला मध्येच काही कळलं नाही तर ती सांगेल.

शंकासुर

बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत.

माजघर

माझी पर्स मोठी आहे.